अंगाची आठवण

(कराड. आषाढी वारीसाठी दिंडी निघण्याच्या आदल्या रात्रीची कीर्तनसेवा, ध्वनिमुद्रणावरून.)

पुढं सरकून बसा. पाठीमागं वारा लागतोय, म्हाताऱ्या माणसांना आत घ्या.

सेवेला आज तुकोबारायांचा अभंग घेतला. आत्ता आपण सगळ्यांनी मिळून म्हटला, म्हणून पुन्हा म्हणत नाही. हा अभंग वेगळा आहे. यात तुकोबाराय स्वतःची हकिकत सांगतात. संत स्वतःबद्दल सहसा बोलत नाहीत. तुकोबाही बोलले नसते, पण संतांनी विचारलं म्हणून बोलले. आणि बोलायला लागल्यावर आधी काय सांगितलं? देव कसा भेटला ते नंतर. आधी संसार कसा मोडला ते सांगितलं. दुष्काळ पडला, पैसा गेला, मान गेला, आणि थोरली बायको अन्नावाचून गेली.

1630 च्या आसपासचा तो दुष्काळ. अभंग लिहिला तेव्हा मधे किती वर्षं गेली असतील! किती भजन झालं असेल, भंडाऱ्याच्या डोंगरावर किती नाम झालं असेल! पांडुरंग अंतर्बाह्य भरून राहिला होता. तरीसुद्धा तुकोबा ते मरण विसरले नाहीत, आणि विसरलो असंही म्हणाले नाहीत. बरं का माय-बाप हो, एवढंच मला आज सांगायचंय. नाम घेणाऱ्याला जुनं दुःख आठवतं. आणि ते नुसतं मनाला आठवत नाही, अंगालाही आठवतं. ज्याचं अंग आधीच दुखण्यानं खचलेलं आहे, साखर आहे, बीपी आहे, दमा आहे, संधिवात आहे, त्याला ती आठवण फार महाग पडते.

आपल्याकडं म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. दुसऱ्याला सांगायला फार सोपं! पण सांगलीकडच्या माणसाला हे कसं सांगणार? त्याच्या गंगेनंच घरात येऊन कोठी बुडवली. त्याचं झालं गेलं गंगेला मिळालेलं नाही, गंगाच त्याच्या उंबऱ्यावर आली होती.

आपण बसलोय कुठं ते बघा. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वराच्या लेकी. एक वाईकडून फिरून येते, एक डोंगरातनं येते आणि इथं कराडात दोघी समोरासमोर भेटतात. प्रीतिसंगम. आणि इथनं ते एकत्र झालेलं पाणी खाली सांगलीला जातं. आज या मांडवात अर्धी मंडळी पाटण तालुक्यातली आहेत आणि अर्धी पलूस, वाळवा, मिरज बाजूची. एका पाण्याची माणसं तुम्ही. एकानं वरचं भय बघितलंय, एकानं खालचं.

पाटणच्या मंडळींना तारीख विचारायची गरज नाही. 11 डिसेंबर 1967. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. माणसं गोधडीत होती आणि जमीन हलली. कोयनानगर पडलं, आजूबाजूची गावं पडली, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हजारो घरं गेली. त्या पहाटे पाळण्यात असलेली पोरं आज नातवंडांची झाली. आणि भूकंप तेव्हा संपला का? नाही. त्या खोऱ्यात अजून लहान-लहान धक्के बसतात. भांडी वाजतात, पत्रा थरथरतो, लोक क्षणभर थांबतात आणि कामाला लागतात. पण सगळेच कामाला लागत नाहीत. फळीवरचा डबा हलला की दारात येऊन उभे राहणारे म्हातारे मी बघितलेत. तोंडानं म्हणतात, मला काय भ्या न्हाई. हात मात्र दाराची चौकट सोडत नाही. पुढं तास-दोन तास छातीत धडधड, आणि त्या रात्रीची झोप गेलेली. 2021 च्या जुलैत आंबेघर, मिरगावला डोंगर घरांवर आला, तेव्हा या जुन्या माणसांच्या अंगात काय झालं असेल, विचार करा.

आणि खाली सांगली. 2005 चा पूर. मग 2019 चा. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी मोजतात, धोक्याची खूण 45 फुटांवर आहे, आणि 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं. दोन वर्षांनी पुन्हा पूर. ब्रह्मनाळला नाव उलटली, त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. त्या बाजूची माणसं समोर बसली आहेत.

एका माउलीची गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही. साखरेचा आजार आहे, बारा-पंधरा वर्षांचा. पुराच्या वेळी दोन दिवस माळ्यावर काढले. गोळ्यांची पिशवी खाली राहिली, ती वाहून गेली. पुढं सरकारी मदत आली, घर पुन्हा लिंपलं, म्हैस आली, सगळं रांगेला लागलं. पण मृग सरला की हिची साखर चढायला लागते. जेवण तेच, गोळ्या त्याच. ती मला म्हणाली, "म्हाराज, आबाळ भरून आलं की मला आधी वास येतो. गाळाचा. मग पाय गार पडत्यात. मग रातभर डोळ्याला डोळा न्हाई. सकाळी बघावं तर साखर तीनशे." घरातली माणसं काय म्हणायची? सून म्हणायची, सासूबाई चोरून गोड खातात. मुलगा म्हणायचा, आई, तो पूर कधीच ओसरला, आता किती दिवस धरून बसणार? आणि एक टाळकरी तिला म्हणाले, माळ घालून एवढी भीती? तुमची श्रद्धाच कच्ची.

हे तिसरं वाक्य तिला सगळ्यांत जास्त लागलं होतं. बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! (गजर.)

ती चोरून गोड खात नव्हती. तिच्या अंगात काय होत होतं ते समजून घेऊ. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरांना विचारून, वाचून सांगतो. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. संकट आलं, साप दिसला, कुणी अंगावर धावून आलं, की मेंदू त्यांना निरोप धाडतो. त्या रक्तात रस सोडतात. एकाचं नाव ॲड्रेनालिन, दुसऱ्याचं कॉर्टिसोल. मग काळीज जोरात चालतं, रक्ताच्या नळ्या आवळतात, श्वास भरभर चालतो, आणि यकृतात साठवलेली साखर रक्तात येते. कशासाठी? पळायला, नाहीतर झुंजायला बळ पाहिजे म्हणून. केवढी सोय करून ठेवलीय भगवंतानं! धडधाकट माणसाला याचा उपकारच होतो. साप गेला की सगळं उतरतं.

पण मधुमेहाच्या माणसाला ती वर आलेली साखर खाली नेता येत नाही. बीपीच्या माणसाच्या नळ्या आधीच ताठ, त्या आणखी आवळतात. दम्याच्या माणसाचा श्वास घाबरल्यावर आणखी अडकतो. ज्याचे सांधे दुखतात त्याला, रात्री झोप लागली नाही की, तेच दुखणं दुप्पट लागतं. आणि एकदा जिवावर बेतून गेलं की मेंदूचा तो राखणदार भित्रा होतो. खरा साप नको, दोरीही पुरते. गाळाचा वास, पत्र्यावरचा पाऊस, पहाटेचे चार. मनाला माहीत असतं पूर आलेला नाही. राखणदार मनाला विचारतच नाही, तो थेट घंटा वाजवतो.

त्यात आणखी भर पडते ती साध्या गोष्टींची. भीतीत जेवणाची वेळ चुकते, गोळी चुकते, दवाखान्यात जायचं टळतं. ही माउली तर पाऊस असला की दवाखान्यात जायचीच नाही, कारण वाटेत पूल आहे.

कुणी म्हणेल, महाराज, हे सगळं आपल्या बायाबापड्यांचं. नाही बरं का. 1995 च्या जानेवारीत जपानात कोबे शहराला मोठा भूकंप झाला. तिथल्या डॉक्टरांनी आपल्या मधुमेहाच्या पेशंटांची, मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती रक्ताची तपासणी बघितली. ज्यांचं घर मोडलं होतं, घरातलं माणूस गेलं होतं किंवा जखमी झालं होतं, त्यांची साखर वाढलेली निघाली. ते काय चोरून लाडू खात होते? जपानमधल्याच दुसऱ्या डॉक्टरांनी काळजाचा एक आजार शोधून काढला. मोठा धक्का बसला, माणूस अचानक गेलं, की काळजाचा एक भाग तात्पुरता फुगतो आणि नीट आवळत नाही. चित्रात तो गळ्याशी अरुंद आणि खाली फुगीर मडक्यासारखा दिसतो. तिकडं ऑक्टोपस धरायला तसलं मडकं वापरतात, त्याचंच नाव आजाराला दिलं, ताकोत्सुबो. उतारवयाच्या बायकांना जास्त होतो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. आपल्या आयाबाया काळजाचं पाणी झालं म्हणायच्या, काळीज फाटलं म्हणायच्या. आपण त्याला बोलायची रीत समजत होतो. आता त्याचा फोटो निघतो.

हा सातारा जिल्हा फौजेचा. अपशिंग्यासारखी गावंच्या गावं फौजेत. पहिल्या महायुद्धात गोरे डॉक्टर अशाच थरथरणाऱ्या, वाचा गेलेल्या शिपायांना बघून चक्रावले. आधी म्हणाले, तोफगोळ्याच्या हवेनं मेंदू हलला. काहींना भित्रे म्हणून शिक्षा झाली. पुढं उमगलं, की ज्यांच्या जवळ गोळा फुटलाच नाही तेसुद्धा थरथरतात. आपल्या गावच्या निवृत्त फौजी काकांना दिवाळीत फटाका सहन होत नसेल, तर हसू नका.

आणि पूर, भूकंप, लढाई ही झाली सगळ्यांना दिसणारी संकटं. सगळ्यांनी बघितली, पंचनामा झाला. ज्याचा पंचनामा होत नाही त्याचं काय? लहानपणी खाल्लेला मार. दारू पिऊन आलेल्या बापाचा दारातला आवाज. नवऱ्याचा हात. आणि त्याहून वाईट, जे कुणाला सांगता येत नाही ते. 1998 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नऊ हजारांवर मोठ्या माणसांना विचारलं, लहानपणी तुमच्या घरात काय काय घडलं? ज्यांनी जास्त तऱ्हेचे छळ सोसले, त्यांच्यात पुढं हृदयाचे, फुप्फुसाचे आजार जास्त निघाले. प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, तसं समजून घाबरू नका. पण पन्नाशीच्या बाईची डोकेदुखी, पोटदुखी, अंगदुखी कुठल्याच रिपोर्टात सापडत नाही तेव्हा "हिला काही झालेलं नाही" असं म्हणायची घाई करू नका. आजही कडी वाजली की तिचे खांदे वर जातात. बघा कधी.

आता शास्त्राकडं येऊ. कुणी म्हणेल, हे डॉक्टरांचं झालं, आपल्या संप्रदायात याला आधार काय? अहो, आपल्या इतका आधार कुणाकडंच नाही! अष्टसात्त्विक भाव कुठले? सांगा बघू. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. अंग थिजतं, घाम येतो, काटा येतो, कंठ दाटतो, कापरं भरतं, रंग उतरतो, डोळे वाहतात, भान जातं. पंढरीचा कळस दिसला की तुमच्या अंगावर काटा येतो ना? तो तुम्ही आणता का? "आता एक-दोन-तीन, काटा आण" असं म्हणून येतो का? मनात प्रेम आलं, अंगानं उत्तर दिलं. तुम्हाला विचारलंही नाही. प्रेमानं अंगावर काटा येतो हे आपण शेकडो वर्षं मानतो, त्याला भाव म्हणतो, त्या माणसाच्या पाया पडतो. आणि भयानं हात कापले, घाम आला, साखर चढली, की म्हणतो नाटक करतोय. अंग तेच, वाट तीच. आनंद ज्या दारानं अंगात येतो त्याच दारानं भयही येतं.

गीता उघडा. पहिल्याच अध्यायात अर्जुन काय सांगतो? अवयव गळाले, तोंड कोरडं पडलं, अंग कापतंय, कातडीची आग होतेय, धनुष्य हातातनं निसटतंय, उभं राहवत नाही. एखाद्या पेशंटनं डॉक्टरला सांगावं तसं ओळीनं सांगतो. केवढा वीर! विराटाच्या गाईंसाठी एकट्यानं सगळं कौरवसैन्य पळवलेला. त्याचंही अंग असं बोललं. आता कुणी विद्वान उठून म्हणेल, महाराज, पुढं भगवंतांनी त्याला दुबळेपणा टाक म्हणून झापलं की! झापलं. खरं आहे. पण त्या झापण्यानं अर्जुन उठला का? नाही उठला. "मी लढणार नाही" म्हणून गप्प बसला. मग भगवंतांनी काय केलं? रथ सोडून गेले नाहीत. सतरा अध्याय बोलत बसले. त्याचे प्रश्न ऐकले, पुन्हा पुन्हा ऐकले. आपण काय करतो? भगवंतांचं ते एक झापणं तेवढं उचलतो आणि सतरा अध्याय विसरतो!

आणि ती श्रद्धा कच्ची म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. गोंदवल्याचे श्रीब्रह्मचैतन्य महाराज आपल्याच जिल्ह्यातले. 1913 साली देह ठेवला. उत्तरायुष्यात दम्यानं त्यांना किती त्रास दिला! नाम म्हणजे महाराज आणि महाराज म्हणजे नाम, त्यांचं नाम कच्चं होतं का? देह आहे तोवर देहाचे धर्म आहेत. प्रारब्ध, प्रारब्ध म्हणून दुसऱ्याच्या दुखण्याकडं बोट करणाऱ्यांचा मला राग येतो, स्पष्ट सांगतो. प्रारब्ध हा शब्द स्वतःचं दुःख सोसताना वापरायचा असतो. शेजारणीचं दुःख मोजायला तो दिलेला नाही.

मग करायचं काय? उद्या दिंडी निघतेय, तेव्हा कामाचं बोलतो.

पहिली गोष्ट औषधाची. माळ हातात आहे म्हणून गोळी पिशवीत ठेवायची नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते उन्हात डोक्यावरच्या बोचक्यात ठेवू नये, खराब होतं. आणि एकादशीचा उपास. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना, आपल्या डॉक्टरांना न विचारता निर्जळी, निराहार करायचा नाही. पांडुरंग रागावणार नाही, मी सांगतो.

दुसरी गोष्ट नीट ऐका. वाटेत एखाद्याला घाम फुटला, हात कापायला लागले, धडधड व्हायला लागली, तर ते भय असू शकतं आणि साखर खाली जाणंही असू शकतं. दोन्हीत तोच ॲड्रेनालिन काम करतो, म्हणून दोन्ही सारखीच दिसतात. तेव्हा "घाबरलाय, बसवा जरा" म्हणून सोडून देऊ नका. मशीन असेल तर साखर तपासा. मशीन नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साखरेचं पाणी किंवा गूळ द्या आणि वैद्यकीय पथकाला बोलवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका. छातीत दुखत असेल, तर ते भयानं दुखतंय की आणखी कशानं, हे ठरवायचं काम आपलं नाही. थेट दवाखाना.

तिसरी गोष्ट, डॉक्टरांना सगळं सांगा. साखर चढली एवढंच सांगू नका. कधी चढते, कशानं चढते तेही सांगा. पाऊस सांगा, पूर सांगा, झोप लागत नाही ते सांगा. त्या माउलीनं सांगितलं. डॉक्टरांनी पावसाळ्यापुरत्या गोळ्या बदलून दिल्या, झोपेचं बघितलं, आणि मनाच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. मनाच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. तेवढं लांब जाणं होत नसेल, तर 14416 हा सरकारचा फुकटचा फोन आहे, टेलिमानस म्हणतात त्याला, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, पोरांच्या फोनात घालून ठेवा.

आणि नाम? नाम तर आहेच! अभंगाचं चरण म्हणताना श्वास सावकाश, लांबवर सोडावा लागतो. सावकाश सोडलेल्या श्वासानं काळजाचे ठोके संथ होतात. टाळ, पाऊल, शेजारच्याचा खांदा, सगळं एका ठेक्यात. भ्यालेल्या अंगाला कळतं, मी एकटा नाही. पण नाम गोळीच्या जागी नाही, आणि गोळी नामाच्या जागी नाही. दोघांच्या भांडणात आपण पडायचं नाही.

आता ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना. बळंच बोलायला लावू नका. "काय झालं होतं तेव्हा, सांग की" म्हणून उकरायचं नाही, त्यानं जखम पुन्हा वाहते. बोलायला लागलं तर मात्र उठून जायचं नाही. आभाळ भरून आलं की तिच्याजवळ जाऊन बसायचं. सूनबाईंनी आता तेच धरलंय. पाऊस लागला की त्या सासूजवळ भाजी निवडत बसतात. बोलत काही नाहीत. साखर अजून चढते, पण तीनशेपर्यंत नाही. आणि गोळ्यांची पिशवी आता माळ्यावर खुंटीला असते.

ती माउली आज मांडवात आहे. कुठं ते सांगणार नाही. तिनं मला मघाशी विचारलं, "म्हाराज, पंढरीला गेल्यावर चंद्रभागेत उतराया न्हाई झालं तर वारी पुरी हुईल का?" माउली, होईल. वाळवंटात बसा. कुणीतरी तांब्याभर पाणी आणून पायावर घालील. घालाल ना रे पोरांनो? हात वर करा बघू. बघा, किती तांबे झाले.

चला, आरतीला उभं राहू. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच म्हणा. बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल, श्रीज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!